गायक मधोमध, संतूर कुठे?

दोन स्पीकरमधल्या रिकाम्या जागेतून गायक ऐकू येतो, कारण त्याचा आवाज दोन्हीकडून सारखाच सोडलेला असतो. एका बाजूला साधारण १५ डेसिबल जास्त दिले की वाद्य जवळपास त्या स्पीकरपाशीच जाऊन बसते. या स्टिरिओ तंत्राच्या पेटंटसाठी ब्रिटिश अभियंते ॲलन ब्लुमलाइन यांनी १९३१ मध्ये अर्ज केला. आपल्याकडे जी. एन. जोशींची निर्मिती असलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७) ही ध्वनिमुद्रिका स्टिरिओत लावा. संतूर, बासरी आणि गिटार यांच्या जागा शोधा. बोरिवली-मुलुंडच्या हॉलमध्ये मात्र एक स्पीकर कपाटावर, दुसरा टीव्हीमागे! मग बैठक विस्कटणारच. दोघांत सहा फूट ठेवा, प्रत्येकापासून तितकेच लांब, मधोमध बसा. फूटभर डावीकडे सरकलात, तर गायकही डावीकडे जाईल.