खर्ज कोठे गेला?

माझा भाचा लातूरला राहतो. तो नववीत शिकतो आणि दर रविवारी तबला शिकायला जातो. त्याचे उस्ताद आठवड्याचा धडा स्वतः वाजवतात आणि फोनवर पाठवतात. घरी एक जुना संगणक आहे. तो खरे तर मोठ्या बहिणीच्या अभ्यासासाठी घेतलेला. पण ती क्लासला गेली की भाचा त्यावर धडा लावतो आणि ऐकून हात बसवतो.

एका रविवारी उस्ताद त्याच्यावर रागावले. म्हणाले, "अरे, मी 'धा' वाजवतो आणि तू 'ना' वाजवतोस. तुझा डावा हात झोपला आहे काय?" मुलगा रडवेला होऊन घरी आला. त्याने मला फोन केला. "मामू, मी नीट ऐकूनच वाजवतो. मला तिथे 'ना'च ऐकू येते."

मला आधी वाटले, हा बहाणा आहे. पण पुढच्या आठवड्यात मी त्याच्या घरी गेलो आणि तो धडा स्वतः ऐकला. मुलगा खरे बोलत होता.

मुलांनो, तबल्याच्या जोडीत दोन वाद्ये असतात. उजव्या हाताचा तबला आणि डाव्या हाताचा डग्गा. नुसत्या उजव्या हाताने 'ना' वाजतो. त्याच वेळी डाव्या हाताने डग्ग्यावर 'गे' वाजवला, की दोन्ही मिळून 'धा' होतो. म्हणजे 'धा'मधून डग्गा काढून घेतला तर काय उरेल? 'ना' उरेल. भाच्याच्या संगणकाला जे दोन लहान स्पीकर जोडले होते, ते डग्गाच गिळून टाकत होते. उस्तादांनी वाजवलेला निम्मा धडा मुलापर्यंत पोहोचतच नव्हता.

डग्ग्याच्या अशा खोल, घुमणाऱ्या आवाजाला मराठीत खर्जाचा आवाज म्हणतात. दुकानदार त्यालाच 'बास' म्हणतात. याच्या उलट, शिट्टीसारखा बारीक आवाज म्हणजे टिपेचा आवाज. हा फरक कशामुळे पडतो? वस्तू कापली की हवा कापते आणि तो कंप आपल्या कानापर्यंत येतो. एका सेकंदात किती कंप झाले ते हर्ट्झमध्ये मोजतात. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. कंप कमी तेवढा आवाज खर्जाचा. हवेत ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. त्यामुळे ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते, तर १०,००० हर्ट्झच्या आवाजाची लाट जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. एक लाट खोलीपेक्षा लांब आणि दुसरी बोटापेक्षा आखूड!

आता स्पीकर आत कसा असतो ते पाहू. एखादा मोडका रेडिओ मिळाला तर तो उघडूनच पाहा. मागे एक लोहचुंबक असते. चुंबकाच्या फटीत तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते आणि त्या वेटोळ्याला कागदाचा शंकूसारखा पडदा चिकटवलेला असतो. तारेतून वीज गेली की वेटोळे पुढेमागे सरकते. त्याबरोबर पडदा हलतो आणि हवेला ढकलतो. या धर्तीचा स्पीकर अमेरिकेतल्या राइस आणि केलॉग या दोन अभियंत्यांनी १९२५ साली जगापुढे मांडला. तेव्हापासून रचना फारशी बदललेली नाही. सुट्या स्पीकरच्या दोन तारा पेन्सिल सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. 'टक्' असा आवाज होईल आणि पडदा पुढे किंवा मागे सरकलेला दिसेल. घरच्या विजेच्या तारेला मात्र चुकूनही लावू नका.

खर्जाचा आवाज काढायचा तर खूप हवा ढकलावी लागते. आवाज तेवढाच मोठा ठेवून कंप निम्मे केले, तर पडद्याला चौपट हलावे लागते. ४०० हर्ट्झवरून १०० हर्ट्झवर यायचे तर सोळापट! इवलासा पडदा एवढा हलणार कसा? उन्हाळ्यात पोस्टकार्डाने वारा घालून पाहा आणि मग सुपाने घालून पाहा. सूप थोडेच हलवले तरी भरपूर वारा लागतो. स्पीकरचेही तसेच आहे. दोन इंची पडद्यापेक्षा चार इंची पडद्याचे क्षेत्रफळ चौपट असते.

पण नुसता मोठा पडदा पुरत नाही. पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पुढची हवा कडेने वळून मागे जाते. दाब आणि पोकळी एकमेकांना खाऊन टाकतात आणि खर्ज नाहीसा होतो. हेही घरी करून पाहता येते. वाजता सुटा स्पीकर हातात धरा, मग पुठ्ठ्याच्या मोठ्या तुकड्याला भोक पाडून स्पीकर त्यावर घट्ट बसवा. आवाज एकदम भरदार होईल. स्पीकर पेटीत बसवतात तो याचसाठी. पेटी ही शोभेची वस्तू नाही. ती निम्मा स्पीकरच आहे, असे मला वाटते.

काही पेट्यांना एक गोल भोक असते आणि आत नळी असते. लहान मुले त्यात गोट्या टाकतात. त्या भोकाचे काम समजून घ्यायचे असेल तर रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर मारा. 'हूं' असा खोल आवाज येतो. बाटलीतली हवा एखाद्या स्प्रिंगसारखी कापते. पेटीतली हवाही तशीच कापते आणि पडद्याच्या मागे वाया जाणारा आवाज नळीतून खर्ज होऊन बाहेर येतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतील थुरास यांना या युक्तीचे पेटंट १९३२ साली मिळाले.

एवढे सांगितल्यावर भाच्याने मला एक खोका आणून दाखवला. त्याच्या जुन्या स्पीकरचा. त्यावर ठळक अक्षरांत '८०० वॅट पीएमपीओ' असे छापले होते. "मामू, आठशे वॅट असूनही खर्ज का नाही?"

त्याने ते स्पीकर एका प्रदर्शनात घेतले होते, हाच आकडा पाहून. पीएमपीओ म्हणजे क्षणभरासाठी मिळू शकणारी जास्तीत जास्त शक्ती. ती कशी मोजायची याचा सर्वांनी मान्य केलेला नियम नाही. त्यामुळे ज्याला जो आकडा आवडेल तो त्याने छापावा, असा कारभार झाला. खरा उपयोगाचा आकडा आरएमएस वॅटचा, म्हणजे स्पीकरला सतत देता येणाऱ्या शक्तीचा. तोही छापलेला नसेल तर एक सोपी युक्ती आहे. स्पीकरबरोबर येणारा अडॅप्टर वाचा. त्यावर १२ व्होल्ट, दीड अँपिअर असे लिहिले असेल तर १२ ला दीडने गुणा. १८ वॅट. आत जाते त्याहून अधिक सतत बाहेर कसे येईल? भाच्याचे स्पीकर संगणकाच्या यूएसबी खाचेतून वीज घेत होते. ५ व्होल्ट, अर्धा अँपिअर. त्याने गुणाकार केला. अडीच वॅट! तो बराच वेळ त्या खोक्याकडे पाहत बसला. ईदीचे पैसे त्यात गेले होते.

या वेळी त्याच्याजवळ दोन हजार रुपये होते. पुन्हा चूक झाली तर वर्षभर दुसरी संधी नव्हती. आम्ही दोघे गंजगोलाईच्या परिसरात गेलो. लातूरची गंजगोलाई ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मधोमध गोल इमारत आहे आणि सोळा रस्ते तिला येऊन मिळतात. भाव विचारत हिंडायला याहून सोयीची जागा नाही. एका रस्त्यावर मन वळले नाही तर दुसरा आहेच.

दुकानदाराने आधी लांबट पट्टीसारखा बिनतारी स्पीकर दाखवला. दिसायला सुंदर, पण आतले पडदे दोन-दोन इंची. शिवाय बिनतारी आवाज किंचित उशिरा येतो. गाणे ऐकायला त्याने बिघडत नाही. परंतु पडद्यावर उस्तादांचा हात पडलेला दिसतो आणि बोल मागून येतो, हे शिकणाऱ्याला चालत नाही. मग दुकानदाराने तीन नगांचा संच काढला. दोन लहान स्पीकर आणि खर्जासाठी एक वेगळी पेटी. याला 'टू पॉइंट वन' म्हणतात. त्याने खणखणीत ठेक्याचे गाणे लावले. दुकानाची काच थरथरली. भाच्याचे डोळे चमकले.

मी म्हणालो, "तुझा धडा लाव. आवाज घरी ठेवतोस तेवढाच ठेव."

धडा लागला आणि गंमत कळली. डग्ग्यावर उस्ताद तळहाताने दाब देऊन स्वर वरखाली करतात. पण त्या पेटीतून प्रत्येक वेळी एकच 'भुंम्' येत होते. असा स्पीकर खर्ज वाजवत नाही, तो स्वतःच घुमतो. वरवर ऐकणाऱ्याला ते खूप आवडते आणि दुकानदारांना हे ठाऊक असते. यात त्यांचा फार दोष नाही. गिऱ्हाईकच काच थरथरवून मागते.

दुसऱ्या संचाची पेटी लाकडी भुशाच्या दाबलेल्या फळीची होती. बोटाने ठोकले की 'ठक्' वाजे; पहिली प्लॅस्टिकची होती, ती 'टपटप' वाजे. या पेटीचा पडदा पाच इंची होता आणि अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह होते. छापलेले वॅट पहिल्यापेक्षा कमी होते. त्याची मला काळजी वाटली नाही, कारण वॅट दुप्पट केल्याने आवाज कानाला दुप्पट वाटत नाही. त्यासाठी जवळजवळ दहापट वॅट लागतात. धडा लावला. काच थरथरली नाही. पण डग्गा बोलू लागला. भाचा दोन बोटे मांडीवर आपटत होता. "धा... धा... ना... मामू, हा 'ना' आहे ना? खराच 'ना'?"

तो संच घेतला. दोनशे रुपये उरले.

एक दुसरी वाटही होती. जुन्या टेपरेकॉर्डरच्या मोठ्या लाकडी पेट्या दुरुस्तीच्या दुकानांत आणि भंगारात पडलेल्या असतात. पडद्याभोवतीची स्पंजाची कडा काही वर्षांत कुजते, म्हणून लोक त्या टाकून देतात. कडा बदलून घेतली आणि लहान ॲम्प्लिफायर जोडला, तर थोड्या पैशांत उत्तम खर्ज मिळतो. पण चांगला कारागीर ओळखीचा हवा, आणि आम्हाला पुढच्या रविवारची घाई होती.

घरी आल्यावर भाच्याने पेटी कोपऱ्यात जमिनीवर ठेवली. ते बरोबरच होते, कारण भिंती आणि जमीन यांच्यामुळे खर्ज आणखी वाढतो. रात्री जेवणे झाल्यावर त्याने धडा जरा मोठ्याने लावला. आणि एक गोष्ट घडली, जी आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आली नव्हती.

घरावर पत्रे आहेत. भिंतीला लागून भांड्यांची मांडणी आहे. पलीकडच्या खोलीत भाच्याच्या दादी झोपल्या होत्या. डग्गा वाजू लागला तशी मांडणीवरची ताटे खणखणू लागली आणि पत्रे बारीक थरथरू लागले. दादी दचकून उठल्या आणि अनवाणी थेट अंगणात गेल्या. बाहेर उभ्या राहून त्या प्रत्येकाचे नाव घेऊन हाका मारू लागल्या.

दादींचे माहेर औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा त्या तिथेच होत्या. दगडमातीची घरे कोसळली आणि हजारो माणसे झोपेतच गेली. तेव्हाही आधी भांडी वाजली होती, असे त्या सांगतात. खर्जाचा आवाज नुसता कानाने ऐकू येत नाही, तो अंगालाही कळतो. टिपेचा आवाज भिंत अडवते. खर्ज भिंतीतूनही पलीकडे जातो.

भाच्याने धावत जाऊन संगणकच बंद केला. त्या रात्री तो कोणाशी बोलला नाही. पेटी दुकानात परत द्यावी, असे त्याने सकाळी मला सांगितले.

परत देण्याची गरज नव्हती. प्रत्येक वस्तूचा कापण्याचा स्वतःचा एक वेग असतो. बाहेरचा आवाज नेमका त्या वेगाचा झाला की ती वस्तू जोरात कापू लागते. म्हणून एखादे विशिष्ट ताटच वाजते, शेजारचे वाजत नाही. आम्ही पेटी कोपऱ्यातून काढून समोरच्या भिंतीकडे, भिंतीपासून हातभर दूर ठेवली. खाली जुन्या ट्यूबच्या रबराच्या चार घड्या घातल्या. ताटांच्या मध्ये कापडाच्या पट्ट्या सरकवल्या. मागचे खर्जाचे बटण अर्ध्यावर आणले. पत्र्याच्या दोन सैल खिळ्यांना नवे वॉशर लावले. उरलेल्या दोनशे रुपयांतले थोडे त्यात गेले. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत रात्री दहानंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पण आमच्या घरात नियम ठरला तो दादींच्या झोपेचा. नऊनंतर स्पीकर बंद, इअरफोन चालू, तोही हळू आवाजात.

मग दुपारी भाच्याने दादींना पेटीजवळ खुर्चीवर बसवले. "दादी, आता मी लावतो. भिऊ नका." वय झाले की कानाला आधी टिपेचे आवाज ऐकू येईनासे होतात, खर्ज त्यामानाने बरा ऐकू येतो. दादींना फोनवरचे बोलणे नीट कळत नाही, 'ना' तर मुळीच कळला नाही. त्यांनी पेटीवर तळहात ठेवला. धडा चालू होता. थोड्या वेळाने त्या भाच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "हा डावा हात आहे ना तुझ्या उस्तादांचा? पुन्हा लाव."