ईव्ही घ्यायचीय? आधी किलोमीटर मोजा!
‘पप्पा, आता ईव्हीच घेऊया!’ असा हट्ट धरलाय? मग हिशेबही मांडा. घरी वीज १० रुपये युनिट धरली आणि गाडी युनिटला साडेसहा किलोमीटर धावली, तर किलोमीटरला पडतो दीड रुपया. पेट्रोल १०५ रुपये, अ‍ॅव्हरेज १५ म्हटलं, तर ७ रुपये. बचत साडेपाच! पण ईव्ही ३ लाखांनी महाग असेल, तर ते वसूल व्हायला ५५ हजार किलोमीटर हवेत. रोज ३० किलोमीटर फिरलात तर ५ वर्षं. बॅटरीची वॉरंटी बऱ्याचदा ८ वर्षांची, म्हणजे खरी कमाई त्यानंतरच्या ३ वर्षांत. सोसायटीत चार्जर नसेल, तर बाहेरच्या महाग चार्जिंगमुळे गणित आणखी लांबतं. गाडी फक्त रविवारीच निघते? मग धूर नको म्हणून जरूर घ्या, पण ‘पैसे वाचतील’ असं पप्पांना सांगू नका!