उन्हाळ्यानं गार केलेला हीटर

परभणीहून जिंतूरकडे निघालं की वाटेत झरी लागतं. एप्रिल-मे महिन्यांत इथं पारा पंचेचाळिशीकडे झेपावतो, त्यामुळे मोटारीच्या हीटरविषयी इथं बोलणं बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. पण परभणीची थंडी ज्यांनी अंगावर घेतली आहे त्यांना तसं वाटणार नाही. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेनं डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा ५ अंशांच्या खाली गेल्याची नोंद केली, डिसेंबर २०२४ मध्येही तो पाचाच्या खाली आला. हुरड्याच्या दिवसांतल्या अशा पहाटे जुनी डिझेल जीप घेऊन निघालेला माणूस हीटरचा खटका ओढतो आणि जाळीतून गार वारा येतो. ब्लोअर घरघरतो, पण समोरच्या काचेवरचं धुकं काही हटत नाही.

या गार वाऱ्याचं मूळ शोधत मागं गेलं, तर ते हिवाळ्यात सापडत नाही. गेल्या चार-पाच दशकांत या भागानं आपल्या गाड्या उन्हापासून वाचवण्यासाठी जे जे केलं, त्यात ते सापडतं.

सुरुवातीला हीटर हा प्रश्नच नव्हता. स्वातंत्र्यानंतर मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू झाली, त्या गाड्या पेट्रोलवर चालत आणि खेड्यात दिसत त्या मुख्यतः सरकारी कामावर. डिझेल जीप शेतकऱ्याच्या आणि वाहतूकदाराच्या आवाक्यात आली ती पुढं. महिंद्रानं १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोशी एक्सडीपी ४.९० या इंजिनासाठी करार केला. २११२ सीसी, चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. नावातले ४ आणि ९० हे आकडे हेच सांगतात. ऐंशीच्या दशकात हे इंजिन एमएम ५४० मधून गावोगाव पोचलं. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स आली, तिच्यात मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं २३९९ सीसीचं इंजिन. झरीच्या परिसरात फोर व्हील ड्राइव्हची गरज डोंगरासाठी नव्हती, काळ्या मातीच्या चिखलासाठी होती. पावसाळ्यात ही माती चाकाला अशी धरते की दोनच चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीची चाकं जागच्या जागी फिरत राहतात.

उघड्या जीपला कापडी हूड आणि चेन लावलेले पडदे. त्यात हीटर बसवला असता तरी ऊब टिकली नसती. प्रवासी वाहतुकीच्या काळी-पिवळी जीपमध्ये तर गरजही पडायची नाही. मागं समोरासमोरच्या बाकांवर दाटीवाटीनं बसलेली माणसं, मांडीवर लेकरं, पायांत पिशव्या. थंडी वाजायची ती चालकाला. मग तो रेडिएटरच्या जाळीपुढं पोतं किंवा पुठ्ठा बांधायचा, इंजिन लवकर तापायचं आणि पायापाशी थोडी धग यायची. उपाय गावठी, पण त्यामागचं शास्त्र पक्कं.

हीटर आला तो एसीच्या पाठोपाठ. १९९३ ची अरमाडा, १९९४ ची सुमो, २००० ची बोलेरो, २००२ ची स्कॉर्पिओ. बंद दारांच्या या गाड्यांत मराठवाड्यानं पैसे मोजले ते गारव्यासाठी, डॅशबोर्डच्या आतला हीटरचा छोटा रेडिएटर सोबत आला. वर्षातले अकरा महिने त्याच्याकडं कोणी पाहिलं नाही. त्या अकरा महिन्यांत त्याच्यावर काय काय गुदरलं, ते डिसेंबरात कळतं.

पहिला घाव थर्मोस्टॅटवर पडला. गाडी गरम होते अशी तक्रार आली की कितीतरी गॅरेजांत पहिला सल्ला मिळायचा, ‘थर्मोस्टॅट काढून टाकू.’ मेणाच्या गोळीवर चालणारी ही झडप साधारण ८२ अंशांना उघडू लागते. त्याआधी ती पाणी रेडिएटरकडं जाऊ देत नाही, इंजिनाभोवतीच फिरवते. झडप काढली की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं. तापमानाचा काटा तळाला पाहून मालकाला हायसं वाटतं, पण ५-६ अंशांच्या पहाटे ते पाणी तापतच नाही. कोमट पाण्यावर हीटरनं ऊब द्यायची कुठून? शिवाय गार इंजिन जास्त डिझेल खातं आणि लवकर झिजतं. काही इंजिनांत तर झडप काढल्यावर बायपासची वाट कायमची उघडी राहते, पाण्याचा एक भाग रेडिएटरला न शिवताच परत फिरतो आणि मे महिन्यात गाडी जास्तच तापते. ज्या भीतीपोटी झडप काढली, तीच खरी ठरते. गाडीच्या दुरुस्तीतली ही सवय जितक्या लवकर सुटेल तितकं बरं.

दुसरा घाव पाण्याचा, आणि त्याचा इतिहास या मातीशी फार घट्ट बांधलेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात बोअरवेल पसरल्या. शेजारच्या जालन्यात मिशनच्या आवारात ‘जालना पंप’ नावाचा हातपंप घडला होता, त्याच वाटेनं पुढं सोलापूर पंप आणि मग देशभर गेलेला इंडिया मार्क टू तयार झाला. या हापशांनी माणसं जगवली. पण बेसॉल्टमधून येणारं हे पाणी पुष्कळ ठिकाणी क्षारांनी जड असतं, आणि रेडिएटरमध्येही तेच ओतलं गेलं. २०१२-१३ चा दुष्काळ, मग २०१५-१६ चा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. प्यायला टँकरची वाट पाहणाऱ्या माणसानं गाडीसाठी शुद्ध पाणी आणावं, असं त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं?

तापलेल्या इंजिनात हे क्षार पापुद्र्यासारखे धरतात. मोठ्या रेडिएटरला ते बराच काळ सोसतं. हीटरच्या बारीक नळ्या आधी बुजतात, कारण हीटरचा कॉक बंद असला की त्यांत पाणी हलतच नाही आणि गाळ तिथंच बसतो. कुठं हीटरची ही जाळी, म्हणजे तो छोटा रेडिएटर, गळू लागली की तिच्या दोन्ही होज पाइपांना नळीच्या तुकड्यानं जोडून टाकलं जातं. नंतर गाडी विकली जाते, आणि नव्या मालकाला आपला हीटर वाटेतूनच वळवलाय हे माहीतही नसतं.

तिसरी गोष्ट मात्र कोणाची चूक नाही. प्यूजोचं आणि मर्सिडीजचं जुनं इंजिन डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पेटवायचं. ती ज्वाळा अरुंद वाटेनं सिलिंडरमध्ये उतरताना बरीच उष्णता हेडला आणि तिथून पाण्याला मिळायची. पुढच्या एमडीआय इंजिनांत डिझेल थेट पिस्टनच्या खळग्यावर फवारलं जाऊ लागलं. उष्णता कमी वाया गेली, ॲव्हरेज वाढलं आणि हीटरच्या वाट्याला तेवढी ऊब कमी आली. त्यात डिझेल इंजिन जागेवर चालू असताना इतकं थोडं इंधन जाळतं की उभ्या गाडीत हीटरची वाट पाहणं व्यर्थच. थंड देशांनी हे फार पूर्वी ओळखलं. तिथल्या डिझेल गाड्यांना वेबास्टो किंवा एबरस्पेखरचे, स्वतः इंधन जाळून पाणी तापवणारे वेगळे हीटर बसवतात. आपल्याकडं लडाखसारखा भाग सोडला तर त्याची गरज नाही. झरीला दोष शोधायला हाताची बोटं आणि एक जुना टोप पुरतो.

गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणायची आणि काटा पाहायचा. तो मधोमध आलाच नाही, तर संशय थर्मोस्टॅटवर. काढलेली झडप टोपात पाण्यात दोऱ्यानं टांगून चुलीवर ठेवावी, सोबत थर्मामीटर. ऐंशीच्या पुढं ती हळूहळू उघडताना डोळ्यांना दिसते. आधीपासूनच उघडी असेल, तर ती फेकायची आणि नवी घालायची. काटा ठीक असेल, तर हीटरकडं जाणारे दोन्ही पाइप चाचपायचे, पंख्यापासून हात जपून. दोन्ही गार असले तर कॉक अडकलाय किंवा त्याची केबल निसटलीय. एक गरम आणि दुसरा गार, तर जाळी बुजलीय किंवा आत हवा कोंडलीय. दोन्ही चटका देत असतील, तर पाण्याच्या बाजूला दोष नाही: डॅशबोर्डच्या आतली हवा वळवणारी झडप पूर्ण वळत नाही, ब्लोअर दमलाय, किंवा महिनोन्महिने गोठ्याशेजारी उभ्या गाडीत उंदरांनी घरटं केलंय.

कोंडलेली हवा काढायला इंजिन गार असतानाच गाडीचं तोंड चढावर ठेवून, हीटरचा कॉक उघडून कूलंट भरतात. बुजलेली जाळी उलट दिशेनं, कमी दाबाच्या पाण्यानं धुवावी. जुन्या पितळी जाळीला चालणारं ॲसिड ॲल्युमिनियमच्या जाळीला भोकं पाडतं, म्हणून आधी धातू ओळखावा.

धुतल्यावर पुन्हा बोअरचं पाणी घातलं, तर दोन-तीन हिवाळ्यांत सगळं मूळपदावर. कूलंट आणि क्षारविरहित पाणी निम्मंनिम्मं घालावं. परभणीत पाणी गोठत नाही हे खरं, पण कूलंट गंज रोखतं आणि उकळण्याचा बिंदूही वर नेतं, म्हणजे ते मे महिन्यासाठीच जास्त कामाचं. जुनं कूलंट मात्र पसरट घमेल्यात धरून झाकून ठेवावं. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, आणि जीप उभी असते त्याच अंगणात वासरू बांधलेलं असतं.