थिनर उडतो, वाफ उरते

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत अपघात म्हटलं की आधी भट्टी आठवते. ऑगस्ट २०२४मध्ये इथल्या एका स्टील कारखान्यात भट्टीतला लोहरस उसळून वीसहून अधिक कामगार भाजले आणि ती बातमी राज्यभर गेली. भंगार वितळवून सळई करणाऱ्या या शहराला आगीची भीती कुणी शिकवावी लागत नाही. पण याच भट्ट्यांच्या आजूबाजूला, तसंच अंबड, परतूर, भोकरदनच्या रस्त्यांवर ट्रकची गॅरेजं, फॅब्रिकेशनची दुकानं, ट्रॉली बांधणारे, डेंटिंग-पेंटिंगवाले असे कितीतरी कारागीर राबतात. त्यांच्यापुढचा एक धोका डोळ्यांना दिसत नाही. तो थिनरच्या, रंग काढायच्या रसायनाच्या, ग्रीस धुवायच्या द्रावणाच्या डब्यातून वाफ होऊन निघतो. उष्णता मिळाली की तो आणखी घातक होतो.

तेलकट लोखंडावर वेल्डिंग नीट बसत नाही, जोडात छिद्रं राहतात. म्हणून जोडायचा भाग आधी धुतला जातो. बहुतेक ठिकाणी त्यासाठी डिझेल, पेट्रोल किंवा थिनर वापरतात. काही कारखान्यांत ट्रायक्लोरोएथिलीनसारखं क्लोरीन असलेलं द्रावण असतं. काही स्प्रेच्या डब्यांतही अशीच रसायनं असतात. थिनर पेट घेतो हे पोरंसोरंसुद्धा जाणतात. क्लोरीनवालं द्रावण मात्र सहजी पेटत नाही, त्यामुळे ते बिनधोक वाटतं. काम घाईचं असतं, गिऱ्हाईक दारात उभं असतं आणि खाचेत अजून ओल असतानाच होल्डर टेकवला जातो.

पुढचं सगळं त्या ठिणगीपाशी घडतं. आर्कची प्रचंड उष्णता आणि तिच्यातले अतिनील किरण द्रावणाच्या वाफेचे रेणू तोडतात. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि त्याच्या जोडीला थोडा का होईना, फॉस्जिन तयार होतो. भाग कोरडा असला तरी शेजारी त्याच द्रावणाची उघडी बादली असेल, तर हवेत पसरलेल्या वाफेवर ते किरण हेच काम करू शकतात.

फॉस्जिनचा इतिहास रणांगणावरचा आहे. डिसेंबर १९१५मध्ये जर्मन सैन्याने बेल्जियममधल्या ईप्रजवळ तो ब्रिटिश सैन्यावर सोडला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंनी जे सैनिक मेले, त्यांतले बहुसंख्य फॉस्जिनने मेले. भोपाळच्या युनियन कार्बाइडमध्ये मिथाइल आयसोसायनेट बनवायला हाच वायू लागत असे. १९८४च्या वायुगळतीच्या रात्रीच्या तीन वर्षं आधी, डिसेंबर १९८१मध्ये, तिथे फॉस्जिनची गळती होऊन एक कामगार दगावला होता.

या वायूची खरी क्रूरता त्याच्या उशिरात आहे. थोड्या प्रमाणात त्याला ओल्या गवतासारखा, कुबट वैरणीसारखा वास येतो. पण वास कळेपर्यंत हवेतलं प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या कितीतरी वर गेलेलं असतं. ही मर्यादा कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग इतकी दिली होती. घशात थोडी खवखव, जरासा खोकला, एवढंच होऊन माणूस बरा वाटू लागतो. तो डबा खातो, घरी जातो. कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी फुप्फुसांत पाणी साचू लागतं आणि दम लागतो. तोवर दुपारच्या त्या वेल्डिंगचा विचारही कुणाच्या मनात नसतो.

रंग काढायच्या काही रसायनांत डायक्लोरोमिथेन असतं. ते साधारण ४० अंश सेल्सिअसला उकळतं आणि मे महिन्यात जालन्याचा पारा त्याच्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये अशा डब्याचं झाकण उघडलं की वेगळा जाळ लावायची गरजच उरत नाही. श्वासातून आत गेलेल्या या रसायनाचं शरीर कार्बन मोनॉक्साइड बनवतं आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. डोकं जड होतं, गरगरतं. कारागीर उन्हाला दोष देतो आणि पुन्हा कामाला लागतो.

या बहुतेक वाफा हवेपेक्षा जड असतात. टोल्युइनची वाफ हवेच्या तिपटीहून जड, ट्रायक्लोरोएथिलीनची साडेचार पट. त्या वर उडून जात नाहीत, जमिनीवरून सरपटतात आणि ट्रकखाली उतरायच्या खड्ड्यात, टाकीच्या तळाशी साचतात. छताचा पंखा त्यांना बाहेर काढत नाही. ‘रिकामं’ म्हणून भंगारात आलेलं टिपाडही असंच फसवं असतं: तळाला चिकटलेल्या थोड्या थिनरची वाफ आत कोंडलेली असते आणि गॅस कटरची ज्योत पत्र्यातून आत शिरताच स्फोट होतो.

तोंडाला बांधलेला गमछा वाफ अडवत नाही. धुळीसाठीचा साधा मास्कही अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचं फिल्टर असलेला मास्क लागतो आणि तोही फॉस्जिनसमोर भरवशाचा नाही. म्हणून फॉस्जिन तयारच होऊ न देणं हा एकमेव उपाय उरतो. डब्यावरच्या नावात ‘क्लोरो’ असेल तर ते द्रावण वेल्डिंगच्या जागी आणायचंच नाही. धुण्याची जागा वेगळी ठेवायची, शक्यतो पाण्यात मिसळणारं क्लीनर वापरायचं आणि भाग, त्याच्या खाचांसकट, पूर्ण कोरडा झाल्याशिवाय उष्णता लावायची नाही. हवा ओढणारा पंखा जमिनीलगत बसवायचा. टिपाड आतून धुऊन, वाफ पूर्ण काढल्याशिवाय कापायचं नाही.

चारदोन माणसांच्या गॅरेजपर्यंत कारखान्यांचे कायदे सहसा पोहोचत नाहीत आणि सुरक्षा निरीक्षकही तिथे फिरकत नाही. त्यामुळे ही जबाबदारी मालकावर आणि मेस्त्रीवर येते. कामाला नवीन लागलेला सतरा-अठरा वर्षांचा पोरगा मेस्त्री जसं करतो तसंच करतो. त्याला डब्यावरचं नाव वाचून दाखवायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

एवढं करूनही कुणाला वाफ लागलीच, तर त्याला लगेच मोकळ्या हवेत आणावं, बसवून ठेवावं, चालायला किंवा ओझं उचलायला लावू नये. श्रमाने फुप्फुसांवरचा ताण वाढतो. १०८ला फोन करावा. त्याला ‘बरं वाटतंय’ म्हणून घरी सोडू नये, जिल्हा रुग्णालयात न्यावं. डबा बरोबर घ्यावा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगावं की हे द्रावण तापलं होतं, रुग्णाला किमान दिवसभर नजरेखाली ठेवा.