सीमा सावकाश ओलांडावी

मोपाच्या विमानतळावर उतरणारा प्रवासी पेडणे तालुक्यातच उतरतो. पण पेडणे त्याला दिसतच नाही. लांबच्या रस्ताप्रवासाची खरी ओढ इथेच आहे: एक प्रदेश दुसऱ्यात कसा मिसळतो, हे रस्त्यानेच उमगते. मुंबई-गोवा महामार्गावर बांदा मागे पडले की पत्रादेवी येते. राज्य बदलते; तांबडी माती, काजूची झाडे, अंगणातली तुळस तीच राहते. पेडणे आणि डिचोली पोर्तुगीजांकडे गेले ते 18व्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणून त्यांचा तोंडवळा सासष्टीपेक्षा सिंधुदुर्गाशी अधिक जुळतो. पत्रादेवीचे स्मारक 15 ऑगस्ट 1955 रोजी गोळीबारात पडलेल्या सत्याग्रहींची आठवण देते, तर डिचोलीतल्या नार्व्याला शिवाजी महाराजांनी 1668मध्ये जीर्णोद्धार केलेले सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे.

रस्ता दमवतो, अपघाताची धास्ती असते, हा आक्षेप खराच. पण त्यातला मोठा वाटा एका दमात गोवा गाठण्याच्या हट्टाचा आहे. रात्री गाडी न हाकता चिपळूण किंवा कणकवलीला मुक्काम केला, तर शीण आणि धोका दोन्ही कमी होतात. वेळ जास्त लागतो. सुट्टी मात्र घराच्या उंबरठ्यापासूनच सुरू होते. ज्याला फक्त किनारा हवा, त्याने खुशाल विमान धरावे. ज्याला गोवा समजून घ्यायचा आहे, त्याने एकदा तरी पत्रादेवीवरून यावे.