उणे १९६ अंशांसाठी तांब्याचं भांडं

मराठवाड्यातल्या पशुपालकाला द्रव नायट्रोजन नवा नाही. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्यात बुडवून ठेवतात तो कॅन त्याने पशुवैद्यकीय दवाखान्यात पाहिलेला असतो. छत्रपती संभाजीनगरला लागून हर्सूलला तर गोठित रेत प्रयोगशाळाच आहे. उणे १९६ अंश सेल्सिअसचा हाच द्रव संगणकाचा प्रोसेसर ठरलेल्या मर्यादेपलीकडे पळवणारे ‘ओव्हरक्लॉकर’ही वापरतात. २००३ मध्ये त्याच्या जोरावर पेंटियम ४ चिपने ५ गिगाहर्ट्‌झ ओलांडले. २०११ मध्ये एएमडीच्या एफएक्स चिपने त्याहून थंड द्रव हेलियम वापरून ८.४२९ गिगाहर्ट्‌झचा गिनेस विक्रम केला.

वेग वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि उष्णता झपाट्याने चढते. म्हणून चिपच्या डोक्यावर उभं भांडं, म्हणजे ‘पॉट’, बसवतात. तो तांब्याचा, कारण तांबं उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून सरस आहे.

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्या टर्नरला हा पॉट घडवण्याचं काम जमण्यासारखं आहे, पण सोपं नाही. ६० मिमी व्यासाचा, १२० मिमी लांब बार तीन किलोंचा भरतो. शुद्ध तांबं मऊ आणि चिकट. ड्रिलला ते धरतं, निघणारा कीस तुटत नाही, लांब वेटोळी होऊन टूलला गुंडाळतो. धार तिखट हवी, कुलंट भरपूर. तळ चांगला जाड ठेवावा, म्हणजे तापमान हेलकावत नाही. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब स्वतःच्याच वाफेवर तरंगतो, तसंच नायट्रोजनचं गरम तळावर होतं; म्हणून आतून भोकं पाडून पृष्ठभाग वाढवायचा. तळाची बाहेरची बाजू काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून सपाट करायची.

पैसे वाचवायला काही जण तळ तांब्याचा आणि वरची नळी ॲल्युमिनियमची करतात. थंडीत ॲल्युमिनियम जास्त आकसतं, त्यामुळे नळी तळाच्या बाहेरून बसवली तर घट्ट होत जाते. आतून बसवली, तर फट पडून द्रव थेट मदरबोर्डवर!

दुसरा शत्रू दव. सॉकेटभोवती व्हॅसलीन आणि फोम लावतात ते त्यासाठीच. एप्रिलची इथली कोरडी हवा या कामाला जुलैपेक्षा कितीतरी बरी.

तीनशे वॉटची चिप तासाला जवळपास सात लिटर नायट्रोजन उकळवते आणि एका लिटरचा सुमारे सातशे लिटर वायू होतो. या वायूला वास नाही. बंद खोलीत तो ऑक्सिजन हटवतो आणि माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. तेव्हा प्रयोग उघड्या अंगणात करा, भांड्याला घट्ट झाकण कधीही लावू नका. आणि नायट्रोजन औद्योगिक वायूच्या विक्रेत्याकडूनच घ्या. दवाखान्यातल्या कॅनची पातळी उतरली, तर आतल्या रेतमात्रा निकामी होतात आणि नुकसान शेतकऱ्याचं होतं.