माथ्यावरचा चेंडू

२ एप्रिल २०११ च्या रात्री वानखेडेवर नुवान कुलसेकराच्या चेंडूवर महेंद्रसिंग धोनीची बॅट फिरली आणि चेंडू लाँग-ऑनवरून थेट प्रेक्षकांत गेला. तो षटकार आपण इतक्या वेळा पाहिलाय, की त्याची वाट डोळे मिटूनही आखता येईल. चेंडू वर चढतो, माथ्यावर क्षणभर रेंगाळल्यासारखा वाटतो आणि उतरू लागतो. त्या माथ्यावर चेंडूचं त्वरण किती असतं? विज्ञानात उत्तम गुण मिळवलेली मंडळीही पटकन ‘शून्य’ म्हणतात. ते असतं ९.८ मीटर प्रति वर्ग सेकंद. हवेचा अडथळा सोडला, तर बॅटला लागून निघाल्यापासून खाली येईपर्यंत, दर क्षणी तेवढंच.

गणित सोपं जावं म्हणून असाच एक फटका धरू आणि हवेचा अडथळा तूर्तास बाजूला ठेवू. चेंडू निघाला तेव्हा त्याचा वरच्या दिशेचा वेग सेकंदाला १९.६ मीटर आणि सीमारेषेच्या दिशेचा २० मीटर आहे. एका सेकंदानंतर वरचा वेग ९.८ उरतो. दोन सेकंदांनी तो शून्य होतो. तिसऱ्या सेकंदाअखेर ९.८, पण आता खालच्या दिशेने. चौथ्याअखेर खालच्याच दिशेने १९.६. दर सेकंदाला ९.८ ची वजाबाकी चालू आहे, एवढंच. चढताना ती वेग खाते आणि उतरताना तीच वेग वाढवते, म्हणून आपल्याला उगाच दोन वेगळे नियम असल्यासारखं वाटतं.

माथ्यावर त्वरण खरोखरच शून्य झालं आणि तसंच राहिलं, तर चेंडूला खाली येण्याचं कारणच उरणार नाही. १९.६ मीटर उंचीवरून तो सरळ आडवा निघेल आणि दिशा जुळली तर मरीन ड्राइव्ह ओलांडून अरबी समुद्रावर जाईल!

शिवाय माथ्यावर चेंडू थांबतो हेही खरं नाही. वर-खाली जाणं त्या एका क्षणापुरतं शून्य झालेलं असतं. पुढे जाणं ताशी ७२ किलोमीटरने चालूच असतं. निघताना चेंडूची चाल सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १०० किलोमीटर. माथ्यावर ती २० वर येते आणि उतरून मूळ पातळीला आल्यावर पुन्हा २८ होते. सुरुवातीची आणि शेवटची चाल सारखी, पण वेग वेगळे, कारण वेगात दिशाही धरावी लागते आणि तोंड वर असलेला चेंडू आता खाली तोंड करून येतोय. चार सेकंदांत त्याने ८० मीटर कापलेले असतात.

आडव्या आणि उभ्या गतीचा असा वेगवेगळा हिशेब ठेवता येतो, हे कळायला माणसाला फार वेळ लागला. १५३७ साली इटलीतल्या तार्ताग्लियाने तोफगोळ्याची वाट रेखाटली ती अशी: आधी तिरकी सरळ रेघ, मग कमान, मग सरळ खाली पडणं. गोळ्याचा जोर संपल्यावरच पृथ्वी त्याला ओढते, ही समजूत त्यामागे होती. आजचं ‘माथ्यावर शून्य’ हे उत्तर मला तिचंच भावंड वाटतं. नजरकैदेतल्या गॅलिलिओचं पुस्तक १६३८ मध्ये लायडनला छापलं गेलं. पुढे जाणं एकसारखं आणि पडणं वाढत्या वेगाने, अशा दोन गती एकत्र आल्या की वाट अन्वस्ताची होते, हे त्याने त्यात सिद्ध केलं. गोळा तोफेतून सुटताक्षणी ओढला जाऊ लागतो. आपल्या वर्गांत गतीची तीन समीकरणं फळ्यावर येण्याआधी मुलांकडून ही वाट काढून घ्यायला हवी, दर सेकंदाला एक आडवा आणि एक उभा बाण दाखवून. आडवा बाण कधीच बदलत नाही, हे त्यांना स्वतःच्या हाताने काढताना दिसलं पाहिजे.

मैदानावर मात्र हवा हा हिशेब बिघडवते. ती आडवा वेगही खाते, त्यामुळे उंच उडालेला चेंडू चढला त्यापेक्षा जास्त उभा उतरतो आणि अलीकडेच पडतो. झेल घ्यायला सीमारेषेकडे मागे धावलेल्या क्षेत्ररक्षकाला म्हणूनच कधीकधी पुन्हा पुढे यावं लागतं. हवेचा हा अडथळा चंद्रावर नाही. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४ च्या अॅलन शेपर्डने तिथे गोल्फचे चेंडू मारले. तिथलं गुरुत्वत्वरण १.६२, म्हणजे आपल्या सहाव्या हिश्शाएवढं. आपला चार सेकंदांचा फटका तिथे मारला, तर चेंडू सुमारे २४ सेकंद वर राहील आणि जवळजवळ ४८० मीटरवर, थेट गॅलिलिओच्या हिशेबाप्रमाणे पडेल.